हे कुठे लिहिलंय?

जुलै २०२५ मधली सकाळ. कर्नाटकातल्या सरगूरच्या बाजारात माझ्या सोनं गाळायच्या दुकानाच्या भिंतीला लागून एक किराणा दुकान आहे. त्या दुकानाचे अण्णा काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोडचा कागद ब्लेडने खरवडून काढत होते. कागद निघाला, पण डिंक काचेवर राहिला. मग त्यांनी रॉकेलचं फडकं घेतलं.

त्या आठवड्यात कर्नाटकात ठिकठिकाणी हेच चाललं होतं. राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या होत्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी सगळ्यांच्या तोंडी होती. बंगळूरमध्ये चहाच्या टपऱ्यांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या होत्या.

अण्णांनी फडकं बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "तू काय करणार?"

मला उत्तर देता आलं नाही. दुपारपर्यंत मात्र मला पाच सल्ले मिळाले. एक म्हणाला, बायकोच्या नावाचा क्यूआर लाव. दुसरा म्हणाला, दुसऱ्या बँकेत खातं काढ. तिसरा म्हणाला, महिनाभर दुकान बंद करून गावी जा, तोवर सगळं शांत होईल. चौथ्याने धीर दिला, हे भाजीवाल्या-बेकरीवाल्यांचं आहे, सोन्याच्या कामाला कोणी हात लावत नाही. पाचवा एक एजंट होता. तो म्हणाला, दहा हजार द्या, मी मिटवतो. पाचही जण ठामपणे बोलत होते. आपण सांगतोय ते कुठे वाचलं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

धंद्यात भांडवल कमी पडलं तर कर्ज मिळतं, माणूस कमी पडला तर गावाकडून पोरगा आणता येतो. पण खरा सल्ला कुठे मिळतो, हे शोधण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. तो शोध मी इथे लिहून ठेवतोय. माझ्यासारखे अनेक जण लहान गावात, परक्या मुलखात दुकान मांडून बसलेले आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमचा तालुका, शेजारचा आटपाडी, तासगाव आणि कवठेमहांकाळचा काही भाग, ही सगळी गलाईवाल्यांची भूमी. पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड. म्हणून आमच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन देशभर गेली. दक्षिणेतल्या कितीतरी लहान बाजारपेठांत सराफी पेठेच्या मागच्या बोळात एखादी भट्टी दिसेल आणि तिथे विट्याकडची भाषा कानावर पडेल. मी १९९६ मध्ये सोळाव्या वर्षी मैसूरला मामांच्या दुकानात आलो. २००४ मध्ये सरगूरला स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा हे गाव एच. डी. कोटे तालुक्यातलं होतं, आता सरगूरच तालुका झालाय. एका बाजूला कबिनी नदी, दुसऱ्या बाजूला बंडीपूर-नागरहोळेचं जंगल, आणि मध्ये कापूस, तंबाखू, आलं आणि केळीची शेती. पेरणीच्या तोंडावर शेतकरी डाग मोडतो, पीक आलं की नवा घडवतो. माझं पोट त्या येण्याजाण्यावर चालतं.

गलाईचं काम थोडक्यात सांगतो. जुने डाग, ज्यांना आम्ही मोड म्हणतो, मुशीत टाकणखार घालून वितळवायचे. सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी त्यात मिसळायची, नाहीतर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग तेजाबात उकळायचं. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतं, तळाशी तपकिरी भुकटी उरते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती विटेची माती वाटते. ते शुद्ध सोनं असतं. धुऊन, पुन्हा वितळवून ओतलं की मग पिवळं होतं. उरलेल्या तेजाबात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही खाली बसते.

सल्ल्याबद्दलची माझी पहिली शिकवण याच कामातून आली. १९९८ ची गोष्ट असावी. मामा जेवायला गेले होते आणि एक माणूस जाड साखळी घेऊन आला. मी साखळी कसोटीवर ओढली. रेघ सुंदर उमटली. तेजाबाचा थेंब लावला, रेघ हलली नाही. मी वजन करायला घेतलं तेवढ्यात मामा आले. त्यांनी काही न बोलता कानस घेतली, साखळीच्या एका कडीवर चार वेळा खोलवर फिरवली आणि त्या खाचेत कसोटी घासली. आतून तांबं निघालं. वर सोन्याचा जाड मुलामा होता.

तो माणूस गेल्यावर मामा म्हणाले, "कसोटी खोटं बोलत नाही. पण ती फक्त कातडीचं सांगते. आतलं विचारायचं असेल तर आधी कानस मारावी लागते. आणि जो कानस मारू देत नाही, त्याचा माल घ्यायचा नाही."

त्यांचं ते बोलणं मालाबद्दल होतं. माणसांच्या बोलण्यालाही ते लागू पडतं, हे मला फार उशिरा कळलं.

सरगूरला आल्यावर पहिली दोन वर्षं माझ्याकडे सल्लागार म्हणून फक्त मामा होते. दर रविवारी संध्याकाळी एसटीडी बूथवरून फोन करायचा आणि आठवड्याचे प्रश्न विचारायचे. एक गोष्ट ते दर वेळी सांगत: मोड घेताना वही लिही. माणसाचं नाव, गाव, ओळखपत्राची झेरॉक्स, डागाचं वर्णन, वजन, सही. अनोळखी पोरगा बायकांचा डाग घेऊन आला तर घेऊ नको. घ्यायचाच झाला तर बाजारातल्या ओळखीच्या सोनाराची साक्ष घे.

२००६ मध्ये मी हा सल्ला एकदा मोडला. मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि सोळा मणी घेऊन एक तरुण आला. आई दवाखान्यात आहे म्हणाला. सरगूरला विवेकानंद स्मारक रुग्णालय आहे, आसपासच्या वाड्या-पाड्यांतून माणसं तिथे येतात, त्यामुळे मला ते खरं वाटलं. शेजारी बसलेला एक ओळखीचा म्हणाला, "घे रे, अडलेल्याला मदत होते." मी घेतलं. ओळखपत्र मागितलं नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. तीन आठवड्यांनी पोलीस आले. माल चोरीचा होता. माल तर गेलाच, पण त्याहून मोठा प्रश्न उभा राहिला: तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? चोरीचा माल ठाऊक असून, किंवा ठाऊक असायला सबळ कारण असून घेणं हा गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेच्या ४११ कलमाखाली येत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमाखाली येतो. बाकी सगळ्या व्यवहारांची माझी वही नीट होती, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला गेला. पण पाच दिवस मी दुकान उघडू शकलो नाही आणि बाजारात मान खाली घालून चालावं लागलं.

'घे रे' म्हणणारा माणूस वाईट नव्हता. आजही आम्ही एकत्र चहा पितो. पण त्या पाच दिवसांत त्याचं काहीच गेलं नाही. तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न पक्का बसला. कोणी सल्ला दिला की आधी बघायचं, हा सल्ला चुकला तर सांगणाऱ्याचं काय जाईल? मामांनी सांगितलेलं चुकलं असतं तर त्यांच्या भाच्याचं दुकान बुडालं असतं, बहिणीसमोर त्यांना उभं राहता आलं नसतं. त्यांच्या शब्दामागे त्यांची स्वतःची पत उभी होती.

तरीही मामांच्या सल्ल्याला एक मर्यादा होती आणि ती त्यांनीच मला दाखवली. त्यांच्या तरुणपणी सुवर्ण नियंत्रणाचा काळ होता. १९६३ च्या जानेवारीत ते नियंत्रण आलं, पुढे १९६८ चा कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्द झाला. कोणी किती सोनं ठेवायचं, लगड बाळगायची की नाही, कोणाला परवाना, सगळ्याला नियम. मामा सांगायचे, कायदा उठल्यावरही कितीतरी वर्षं जुनी माणसं जुनेच नियम सांगून नव्या पोरांना घाबरवायची. "ती खोटं बोलत नव्हती. त्यांचं ज्ञान जुनं झालं होतं. माझंही होईल. हॉलमार्किंगचं मला विचारू नको, मला माहीत नाही."

'मला माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले आणि त्यांच्या बाकीच्या सांगण्यावरचा माझा विश्वास दुप्पट झाला. सल्ल्यालाही तारीख असते. दागिन्यांवरचं सक्तीचं हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येईनासा झाला. त्यात वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफाला सूट आहे. हे सगळं २०१५ मध्ये कोणाला माहीत असणार? आणि २०१५ चं शहाणपण आज तसंच्या तसं कसं चालणार?

दुसरा मोठा आधार म्हणजे गाववाले. आम्हा गलाईवाल्यांची एकी घट्ट असते. चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला देशभरातून माणसं येतात. देवळाच्या आवारात, मांडवाखाली धंद्याचं बोलणं चालतं. कोणत्या गावात दुकानाला जागा आहे, कोणता सोनार उधारी बुडवतो, भिशी कोणाची लागली. या बोलण्याने मला खूप दिलं. पहिलं भांडवल भिशीचं होतं, सरगूरची जागाही एका गाववाल्यानेच सुचवली होती. उधारीच्या बाबतीत, माणसांच्या बाबतीत आजही माझा पहिला भरवसा त्यांच्यावरच.

पण जीएसटी आला तेव्हा या वर्तुळाची दुसरी बाजू दिसली. १ जुलै २०१७ नंतर मी दहा गाववाल्यांना विचारलं, गलाईला नोंदणी लागते का? दहाही जणांनी एकच उत्तर दिलं. मला वाटलं, दहा जण सांगतात म्हणजे खरंच असणार. खूप नंतर कळलं की त्या दहाही जणांनी ते एकाच माणसाकडून ऐकलं होतं. म्हणजे माझ्याकडे दहा साक्षी नव्हत्याच, साक्ष एकच होती आणि ती दहा तोंडांनी आली होती. आपल्या माणसांवर प्रेम असावं, पण सगळे एकाच विहिरीचं पाणी पितात, हेही लक्षात ठेवावं.

२०२१ मध्ये मला उद्यम नोंदणी करायची होती. बँकेत कर्जासाठी कागद मागितला होता. मोबाइलवर शोधलं, सरकारी वाटेल असं पान उघडलं, वर तिरंग्याचे रंग. आधार, पॅन भरलं आणि अडीच हजार रुपये भरले. प्रमाणपत्र आलं, ते खरंही होतं. काही महिन्यांनी बँकेतल्या एका तरुण कारकुनाने सहज विचारलं, "पैसे कशाला दिलेत?" उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून ती मोफत आहे. कागद जोडावे लागत नाहीत, आधार आणि पॅन पुरतं. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं, मी भरलं ते मधल्या एका दलालाचं पान होतं. अडीच हजार गेले याचं दुःख मी विसरलो. पण आपला आधार क्रमांक कोणत्या अनोळखी माणसाच्या हातात दिला, याची बोच अजून आहे.

आता एका बाईंबद्दल सांगतो, कारण व्यवहाराचा सगळ्यात चांगला सल्ला मला त्यांच्याकडून मिळाला. बसस्थानकाजवळ एक अक्का खानावळ चालवतात. रागीमुद्दे, सारू, भात. त्या स्वसहाय्य गटात आहेत. या भागात असे गट जुने आहेत. १९८० च्या दशकात कर्नाटकात मायराडा या संस्थेने बचतीचे गट उभे केले, एच. डी. कोट्याकडेही तिचं काम होतं. पुढे १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभर सुरू केला. अक्कांच्या गटाची वही दर आठवड्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाते. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही कोणाचं किती बाकी आहे ते तोंडपाठ असतं.

एकदा जेवताना मी अक्कांना सांगितलं की महिन्याला पैसा येतो खूप, राहतो कमी. त्यांनी विचारलं, "त्यातला तुमचा किती?" मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या गल्ल्यात भाजीवाल्याचे पैसे असतात, गॅसवाल्याचे असतात, कामाला येणाऱ्या मुलीचे असतात. उरलेले माझे. मी दोन डबे ठेवलेत."

त्या रात्री मी बँकेचं खातेपुस्तक घेऊन बसलो. गावाकडे पाठवायला गाववाल्यांनी माझ्या खात्यात टाकलेली रक्कम, एका सोनाराच्या गिऱ्हाइकाने सोय म्हणून माझ्या क्यूआरवर दिलेले पैसे, पुतण्याच्या कॉलेजची फी, मोड विकून आलेली रक्कम, आणि मधेच कुठेतरी माझी गाळणीची मजुरी. सगळं एकाच खात्यात. माझा किती, हे मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी धंद्यासाठी वेगळं खातं उघडलं. अक्कांनी कर, कायदा यातलं काही शिकवलं नव्हतं. त्या रोज स्वतः करतात तेवढंच सांगितलं होतं. पुढे जुलै २०२५ मध्ये मला वाचवलं ते या एका गोष्टीने.

तर पुन्हा त्या सकाळकडे येतो. पाच सल्ले मिळाले होते. बायकोच्या नावाच्या क्यूआरचा सल्ला मला पटत चालला होता, हे कबूल करतो. संध्याकाळी घरी बोललो. बायको म्हणाली, "आज माझ्या नावावर घेताय, उद्या नोटीस माझ्या नावावर येईल. चूक नसेल तर लपवायचं कशाला, आणि चूक असेल तर किती आहे ते आधी कळू दे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मैसूरला गेलो. तिथल्या एका वयस्कर चार्टर्ड अकाउंटंटचं नाव मला कापड दुकानदाराने दिलं होतं. या वेळी जाण्याआधी कानस मारली: चार्टर्ड अकाउंटंटच्या संस्थेच्या यादीत तो सभासद आहे का, हे बघता येतं. ते पाहिलं. त्या कापडवाल्याला यातून काही दलाली मिळते का, तेही स्पष्ट विचारलं.

त्या सरांनी पहिला तासभर काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं. मोड स्वतःसाठी विकत घेता की दुसऱ्याची गाळून परत देता? विकत घेतलेली किती? कोणाला विकता? मजुरी वेगळी लिहिता का? मी तीन वर्षांच्या वह्या आणि दोन्ही खात्यांची पानं पुढे ठेवली. मग त्यांनी कागदावर लिहून समजावलं.

गिऱ्हाइकाचं सोनं गाळून त्यालाच परत दिलं तर माझी उलाढाल म्हणजे फक्त मजुरी. सोन्याची किंमत माझी नाही. पण मोड स्वतः विकत घेऊन, गाळून, सोनाराला विकली तर त्या सोन्याची पूर्ण किंमत माझी उलाढाल होते, मग त्यात नफा शंभर रुपये का असेना. लोक ४० लाखांची मर्यादा सांगतात. ती फक्त माल विकणाऱ्यासाठी आहे. मी मालही विकतो आणि गाळणीची सेवाही देतो. माझ्यासाठी मर्यादा २० लाखांची. हे आठ वर्षांत मला एकानेही सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी हिशेब केला. मी महिन्याला सरासरी २० ग्रॅम मोडीचं शुद्ध सोनं विकत होतो, वर्षाला २४० ग्रॅम. २०२३-२४ मध्ये शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला सरासरी सहा हजारांच्या आसपास होता. म्हणजे साडेचौदा लाख आणि तीनेक लाख मजुरी. मर्यादेच्या आत. २०२४-२५ मध्ये भाव सरासरी साडेसात हजारांच्या पुढे गेला. तेच २४० ग्रॅम साडेअठरा लाखांचे झाले, मजुरी धरून मर्यादा ओलांडली. मी एक ग्रॅमही जास्त विकला नव्हता. भाव वाढला आणि मी नकळत पलीकडे गेलो होतो.

मी विचारलं, "क्यूआर काढू का?"

ते म्हणाले, "मर्यादा विक्रीची आहे, क्यूआरची नाही. रोख घेतलंत तरी विक्री ती विक्रीच. आणि खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्री नसतो, हेही तितकंच खरं. तुमच्या पुतण्याची फी ही विक्री नाही. ते दाखवायला वही लागते, ती तुमच्याकडे आहे."

एका प्रश्नावर ते थांबले. चालू वर्षातल्या एका व्यवहाराबद्दल म्हणाले, "यावर मी आज बोलत नाही. अधिसूचना बघून परवा सांगतो." परवा त्यांनी खरोखर फोन केला आणि अधिसूचनेचा क्रमांक व तारीख सांगितली. मी ती बायकोकडून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली. त्यांनी आपली फी घेतली आणि पावती दिली. एजंटाने मागितलेल्या दहा हजारांपेक्षा ती कितीतरी कमी होती.

मी नोंदणी केली. मर्यादा ओलांडल्यानंतरच्या काही महिन्यांचा सोन्यावरचा ३ टक्के आणि मजुरीवरचा ५ टक्के कर, त्यावरचं व्याज, सगळं भरलं. आकडा माझ्या एका महिन्याच्या कमाईहून थोडा जास्त होता. तो भरताना जीवावर आलं. पण त्या आठवड्यात रात्री झोप उडवणारी जी भीती होती, तिला आकडा नव्हता. मनात लाखांच्या रकमा नाचत होत्या. खऱ्या सल्ल्याने पहिलं काम हे केलं की त्या भीतीचा आकडा करून दिला. आकडा भरता येतो, भीती भरता येत नाही.

इकडे २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या संघटनांशी बैठक घेतली. दूध, भाजी, फळं असा करमुक्त माल विकणाऱ्यांकडून वसुली केली जाणार नाही असं जाहीर झालं, आणि ज्यांना लागू आहे त्यांनी पुढे नोंदणी करावी असं सांगितलं गेलं. अण्णांना मी मैसूरच्या त्याच सरांकडे घेऊन गेलो. त्यांच्या दुकानात करमुक्त आणि करपात्र दोन्ही माल आहे. त्यांचा हिशेब वेगळा निघाला, माझा त्यांना लागू नव्हता. चार दिवसांनी त्यांच्या काउंटरवर नवा क्यूआर कोड लागला. जुन्या डिंकाचा डाग अजून काचेवर आहे.

हल्ली गावाकडची पोरं फोन करतात. कोणी केरळात, कोणी तमिळनाडूत दुकान टाकतो. मी त्यांना आधी सांगतो की माझा सल्ला माझ्या अनुभवापुरता आहे, करासाठी तुमच्या राज्यातल्या जाणकाराला विचारा. ज्याला धंदा पहिल्यापासून शिकायचा आहे त्याला ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जा म्हणतो. ही कल्पना कर्नाटकातल्याच उजिरे गावात १९८२ मध्ये सुरू झाली, धर्मस्थळाचे वीरेंद्र हेग्गडे आणि दोन बँकांनी मिळून. आता देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत अशा संस्था आहेत. शिकणं, राहणं, जेवण मोफत आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. मला त्यातला पाठपुरावा सगळ्यात मोलाचा वाटतो. सांगून निघून जाणारे पुष्कळ भेटतात, सहा महिन्यांनी 'काय झालं?' विचारायला परत येणारा क्वचित भेटतो. जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढायला लाजू नका, तेही सांगतो. तिथे बसलेल्या माणसाचं कामच आपल्याला सांगणं हे आहे.

आणि प्रत्येकाला चार प्रश्न लिहून घ्यायला लावतो. हे कुठे लिहिलंय? ते कधीचं आहे? माझा हिशेब बघून सांगताय की ऐकीव? आणि हे चुकलं तर तुमचं काय जाईल? हे विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडून उठून यावं. जो वही मागतो, चार उलटे प्रश्न विचारतो आणि एखाद्या ठिकाणी 'मला बघावं लागेल' म्हणतो, त्याला धरून ठेवावं. फी मागितली तर द्यावी आणि पावती घ्यावी.

पण सगळ्यात आधी आपली वही नीट ठेवा. रोजची, खरी, दोन डब्यांची. जगातला सगळ्यात प्रामाणिक जाणकार समोर बसला तरी तो तुमच्या वहीत लिहिलंय तेवढंच वाचू शकतो. आज रात्री दुकान बंद करण्याआधी पाच मिनिटं बसा आणि गल्ल्यातला आपला किती, तेवढं लिहून काढा.